दोन हमालांचा सुपरवायझर

बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी भोकरदनला एका पार्सल कंपनीत अर्धवेळ सुपरवायझर होतो. माझ्या हाताखाली दोन हमाल होते. त्यातले एक मामू माझ्या वडिलांपेक्षा मोठे होते, त्यामुळे कोण कोणाच्या हाताखाली आहे हे गिऱ्हाइकाला पाहताक्षणी कळत असे. दुसरा आठवड्यातून चार दिवस यायचा. म्हणजे तोही अर्धवेळच. संध्याकाळी पाच ते नऊ ट्रक रिकामा करून घेणं, पावत्या जुळवणं आणि पिंपळगाव रेणुकाईच्या मिरचीची पोती आली की सर्वांच्या आधी शिंकणं, एवढं माझं काम. शिंक आली की मामू म्हणायचे, "सायब, माल उतरला."

पण धंदा काही नवा नव्हता. या गावातून पार्सलं जाताहेत त्याला दोन हजार वर्षं झाली. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला देणग्या देणाऱ्यांत भोगवर्धनची माणसं आहेत, त्यांचा उल्लेख तिथं दगडात कोरलेला आहे. वर्गणी दिल्याची पावती इतकी टिकलेली मी दुसरी पाहिली नाही. पैठणहून उज्जैनला जाणारा व्यापारी मार्ग इथूनच जात असे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक भाषेतल्या प्रवासवर्णनात, पेरिप्लस त्याचं नाव, हिशेबच मांडलेला आहे : भडोचहून दक्षिणेला पैठण वीस दिवसांवर, तिथून पूर्वेला तेर दहा दिवसांवर. माल गाड्यांतून, धड रस्ता नसलेल्या मुलुखातून बंदराला जातो, अशीही नोंद त्याने केली आहे. आमचा ट्रक ड्रायव्हर हेच वाक्य रोज संध्याकाळी म्हणत असे, फक्त त्याची भाषा ग्रीक नव्हती.

1973 साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी मिळून इथं उत्खनन केलं. त्यात हस्तिदंतात कोरलेल्या एका स्त्रीमूर्तीचा मोडका भाग निघाला. आता गंमत पाहा. तिकडे इटलीत, 79 साली ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात, 1938 साली एक हस्तिदंती भारतीय बाई सापडली होती. वीतभर उंचीची, अंगावर दागिने भरपूर, वस्त्रांच्या बाबतीत काटकसर. नेपल्सच्या संग्रहालयात ती आहे. तेरला आणि भोकरदनला निघालेल्या मूर्ती तिच्याशी इतक्या मिळत्याजुळत्या आहेत, की ती आपल्याच बाजूची असावी असं काही विद्वान म्हणतात. काही नाही म्हणतात, कारण तिच्या बुडाशी खरोष्ठी लिपीतलं अक्षर आहे आणि ती लिपी वायव्येकडची. मी विद्वान नाही, पण पार्सलवर सहा महिने खडूने अक्षरं लिहिलेली आहेत. माल जिथून जातो तिथली खूण त्याच्या बुडाशी पडतेच.

मधल्या काळात लमाणांच्या तांड्यांनी बैलांच्या पाठीवरून धान्य आणि मीठ वाहिलं. मग टपाल आलं. इंग्रजांच्या मुलखात 1877 साली व्ही.पी. सुरू झाली, म्हणजे आधी पैसे मोजा आणि मग पस्तावा. आम्ही निजामाच्या राज्यात. आमचं टपालही वेगळं, तिकिटंही वेगळी. ते 1950 साली हिंदुस्थानच्या टपालखात्यात विलीन झालं.

कॉलेजात आम्हाला 1865 चा कॅरियर्स ॲक्ट होता. (तो 2007 च्या कायद्याने गेला.) त्यात मौल्यवान मालाची एक यादी होती : सोनं, रेशीम, काच, आणि चक्क हस्तिदंती वस्तू. असला माल शंभर रुपयांवरचा असेल आणि धाडणाऱ्याने तसं आधी सांगितलं नसेल, तर हरवल्याची जबाबदारी वाहकावर नाही. पॉम्पेईच्या बाईच्या मालकाने सांगितलं होतं की नाही, देव जाणे. यादीत पंपाचा इंपेलर मात्र नव्हता. हे मला चांगलं ठाऊक असण्याचं कारण पुढे येत आहे.

1998 चा मे महिना. पुण्याहून एक खोकं आलं. ग्रीसने लेबल अर्धं खाल्लेलं. उरलं होतं ते "भोकर". मामू म्हणाले, "आपलंच असंल, सायब." पण मी सुपरवायझर! नांदेड जिल्ह्यात भोकर नावाचं तालुक्याचं गाव आहे, हे सामान्यज्ञान त्या ट्रकभोवती मला एकट्यालाच होतं. मी खोक्यावर ऐटीत "चुकून आले" असं लिहिलं आणि ते नांदेडकडे रवाना केलं.

दुसऱ्या दिवशी केळणाकाठचे एक काका आले. त्यांच्या विहिरीवरच्या पंपाचा इंपेलर होता त्यात. मोसंबीची बाग होती, चौथ्या वर्षाची, पहिलाच बहार धरलेला. विहिरीत पाणी होतं, पण वर येत नव्हतं. मी म्हणालो, "उद्या येईल." ते रोज आले. सायकलवरून, टोपी काढून घाम पुसत, "आलं का बा?" एवढंच विचारत. सहाव्या दिवशी मी त्यांना खरं सांगितलं. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. ते पायरीवर बसले आणि म्हणाले, "लेका, पहिल्या दिशीच सांगतास तर शेजाऱ्याचं इंजिन मागितलं असतं."

खोकं नवव्या दिवशी परत आलं. तोवर चाळीस झाडं गेली होती. लेबलाच्या खालच्या कोपऱ्यात, ग्रीसच्या बाहेर, सहा आकडे स्वच्छ दिसत होते : 431114. पिनकोड 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाला तो नेमका एवढ्यासाठी, की सारख्या नावाच्या गावांचा आणि न लागणाऱ्या अक्षरांचा घोळ मिटावा. तो काढणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपलेच, मराठी माणूस, वर संस्कृतात काव्य करणारे. भोकरचा पिन 431801. सव्वीस वर्षं आधी त्यांनी माझ्यासाठी सगळी सोय करून ठेवली होती. मी फक्त अक्षरं वाचली.

नोकरी मी महिनाअखेर सोडली. मामूंनी चहा पाजला आणि एवढंच म्हणाले, "सायब, हमालाला वाचता येत न्हाई, पण वास येतो. त्या खोक्याला पंपाचा वास होता. भोकरला पंप न्हाईत असं नाही, पण वाट कोण बघतंय ते मला ठावं होतं."

पुढे बँकेत लागलो, बदल्या झाल्या, फिरून तालुक्याला आलो. मागल्या वर्षी काउंटरवर एक चेक आला. वर पाहिलं तर काका. टोपी तीच असावी. नवी बाग लावली, म्हणाले, बरी आहे. मी चेक घेतला, खातं क्रमांक दोनदा तपासला, तिसऱ्यांदा बोट ठेवून वाचला. मागची रांग कुरकुरू लागली.

काका खिडकीत वाकले आणि हळूच म्हणाले, "सायब, हा तरी हितंच जमा व्हतोय न्हवं? का भोकरला?"