सूर परत येण्यासाठी

नव्या गिटारचा ट्रेमोलो दांडा एकदा दाबला की तारा बेसूर. मानेच्या जाड, चकचकीत थराला अंगठा चिकटायचा. परत पाठवायला निघालो होतो. मग तिचा इतिहास वाचला.

१९५४ साली कॅलिफोर्नियात लिओ फेंडरने स्ट्रॅटोकास्टर आणली. मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा हा माणूस स्वतः गिटार वाजवत नसे. त्याच्या ट्रेमोलोत ब्रिजला एकीकडून सहा तारा ओढतात, दुसरीकडून मागच्या स्प्रिंगा. दांडा सोडल्यावर तार नटच्या खाचेत अडकली, की सूर जागेवर येत नाही. एरिक क्लॅप्टनने लाकडाचा तुकडा बसवून ब्रिजची हालचालच थांबवली. १९७०च्या दशकाच्या अखेरीस फ्लॉइड रोझने तारा नटपाशीच आवळल्या, म्हणजे घसरणंच संपलं.

मानेचंही तसंच. जुनं पातळ नायट्रोसेल्युलोज लॅकर वाजवणाऱ्याच्या हाताखाली झिजत जाई. नंतर आलेलं जाड पॉलिएस्टर सहसा झिजत नाही.

मी खाचांत पेन्सिलीचं शिसं घासलं, स्प्रिंगांचे स्क्रू पिळून ताण जुळवला, मानेची पाठ बारीक पॉलिश पेपरने घासली. सूर परत येऊ लागला. सत्तर वर्षं या आराखड्याचा शेवटचा हात वाजवणाऱ्यावरच सोडलेला आहे. गिटार परत पाठवली नाही.