गाणी भरून मिळतील!

ज्यांना ऐकायला जमलं नाही त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी अवतार. बोललो तेच लिहिलंय, फक्त थोडं आवरून-सावरून.

आधी पत्ता सांगतो. पुण्यात ऑफिसात आष्टी म्हटलं की समोरचा लगेच विचारतो, "बीडची का?" नाही. वर्ध्याची पण नाही. आमची आष्टी जालना जिल्ह्यातली, परतूर तालुक्यातली. रेल्वे धरायची तर परतूर गाठायचं, आणि गोदावरी ओलांडली की माजलगाव. १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला, त्याच्या आधी आमचा तालुका परभणीत होता.

आजचा विषय आहे खिशात मावणारं गाण्याचं मशीन. त्याचा इतिहास कुठेही शोधा, एकच गोष्ट सापडते. १९७९ च्या जुलैत जपानमध्ये सोनीचा वॉकमन आला. १९९८ ला कोरियाच्या साएहान कंपनीचा एमपीमॅन आला, ३२ एमबीचा. २००१ च्या ऑक्टोबरमध्ये ॲपलचा आयपॉड आला, ५ जीबी, 'खिशात हजार गाणी'. मग आयफोन आला आणि १० मे २०२२ ला ॲपलने आयपॉड बंद करत असल्याचं जाहीर केलं. गोष्ट संपली.

गोष्ट खरी आहे. पण आष्टीत ती घडलीच नाही. आपल्याकडे जी घडली ती वेगळी होती, ती कुणी नीट लिहून ठेवलेली नाही, आणि तिच्या शेवटी तुमच्यासाठी एक काम आहे.

आयपॉड आपल्याकडे का आला नाही? किंमत हे एक कारण, पण फक्त किंमत नाही. आयपॉडमध्ये गाणी टाकायला घरी कॉम्प्युटर लागायचा. पहिला आयपॉड तर फक्त ॲपलच्याच कॉम्प्युटरला जोडता यायचा, विंडोजवाल्यांचा नंबर २००२ मध्ये लागला. म्हणजे ते मशीन बनवणाऱ्यांनी धरूनच चाललं होतं की माणसाकडे टेबल आहे, कॉम्प्युटर आहे आणि दिवसभर लाईट आहे. आपल्याकडे २००५ नंतरची भारनियमनाची वर्षं आठवा. दहा-दहा, बारा-बारा तास लाईट नसायची.

मग आपल्याकडे कसं झालं? थोडं मागं जाऊ.

फिलिप्सने १९६३ मध्ये कॅसेट आणली. भारतात तिचा खरा धमाका १९८० च्या दशकात झाला. तोवर रेकॉर्डचा धंदा म्हणजे मुख्यतः एचएमव्ही. कॅसेट स्वस्त, कॉपी करायला सोपी, त्यामुळे टी-सीरिजसारख्या नव्या कंपन्या आल्या आणि गावोगावच्या गायकांनाही जागा मिळाली. पीटर मॅन्युएल नावाच्या अभ्यासकाने उत्तर भारतातल्या या बदलावर १९९३ मध्ये 'कॅसेट कल्चर' नावाचं अख्खं पुस्तक लिहिलं. आपल्याकडे त्याच काळात प्रल्हाद शिंदेंचा आवाज घराघरात, जत्रेत आणि ट्रॅक्टरवर पोचला. विठ्ठलाची गाणी असोत की भीमगीतं, कॅसेट एकाची असायची आणि ऐकायची सगळी गल्ली.

आणि मग आलं मेमरी कार्ड.

नखाएवढं ते मायक्रो-एसडी कार्ड २००५ मध्ये त्या नावाने ठरलं. पुढच्या तीन-चार वर्षांत ते चायना मोबाईलमध्ये, नोकियात, मायक्रोमॅक्समध्ये, सगळीकडे घुसलं. चायना मोबाईल आठवतो ना? मागे मोठ्ठे स्पीकर, दोन सिमकार्ड, आणि आवाज असा की शेजारच्या वावरात ऐकू जावा. बऱ्याच सेटांना खरा आयएमईआय नंबर नसायचा, म्हणून ३० नोव्हेंबर २००९ नंतर असे सेट नेटवर्कवरून बंद करायचा सरकारी आदेश निघाला. फोन लागत नसला तरी गाणी मात्र वाजतच राहिली! म्हणजे सरकारने नकळत कितीतरी फोनांचे म्युझिक प्लेयर करून टाकले.

आता इंजिनिअर म्हणून थोडा हिशोब मांडतो, कारण खरी गंमत हिशोबातच आहे.

सीडीवरचा आवाज सेकंदाला साधारण १,४११ किलोबिट खातो. जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेतल्या लोकांनी एमपीथ्री बनवलं, त्यात माणसाच्या कानाला तसंही जाणवत नाही तो भाग कमी केला जातो. १२८ किलोबिटवर काम भागतं. म्हणजे फाईल अकरा पट लहान. एक मिनिट म्हणजे साधारण एक एमबी, पाच मिनिटांचं गाणं पाच एमबी. १ जीबीच्या कार्डात दोनशे गाणी. कॅसेटमध्ये दहा-बारा बसायची.

पण ती गाणी आणायची कुठून? टूजी नेटवर्कवर सेकंदाला ४० किलोबिट मिळाले तरी खूप. एक गाणं उतरवायला सतरा मिनिटं, तेही रेंज टिकली तर. आणि पैसे? तेव्हा पॅक नसेल तर १० केबीला १० पैसे हा दर सर्रास असायचा. पाच एमबीचे झाले जवळपास पन्नास रुपये. एका गाण्याचे!

म्हणून बाजारपेठेतल्या मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानावर पाटी लागली, 'गाणी भरून मिळतील'. दहा-वीस रुपयांत अख्खं कार्ड फुल. आत एक जुना कॉम्प्युटर, कार्ड रीडर आणि फोल्डर: जुनी हिंदी, नवीन हिंदी, भीमगीतं, भक्तिगीतं, डीजे, कव्वाली, कॉमेडी.

"कितीचं कार्ड हाय मामा?"

"दोनचं हाय. भजनं टाक, अन् पोरासाठी डीजे टाक थोडं."

बस. सर्च नाही, लॉगिन नाही. तुम्हाला काय आवडेल हे दुकानातला पोरगा तुमच्याकडे बघून ठरवायचा. आज ज्याला आपण रेकमेंडेशन म्हणतो ते काम तो काउंटरवर बसून करायचा, आणि त्याला गिऱ्हाइकाचं नाव, गाव, घरातलं लग्न, सगळं माहीत असायचं.

व्हिडिओचंही तसंच. थ्रीजीपी फाईल, १७६ बाय १४४ ठिपक्यांचं चित्र, हिरो ओळखू यायचा तो कपड्यांवरून. तरी तीन-चार तुकडे केलेला सिनेमा शेतात, मोटरची लाईट यायची वाट बघत पाहिला जायचा. आणि तो चौकोनी छोटा स्पीकर! कार्ड घालायचं, आत बऱ्याचदा नोकियाचीच बीएल-५सी बॅटरी बसायची. कापूस वेचताना झाडाच्या फांदीला लटकवला की दिवस जायचा. ऊसतोडीला गेलेल्यांच्या कोपीवरही तोच.

एक गोष्ट सरळ सांगून टाकतो. हे सगळं कायद्यात बसणारं नव्हतं. १९५७ चा कॉपीराइट कायदा होता, आणि कार्ड भरणाऱ्या दुकानातून गायकाला काही जायचं नाही. मी त्याचा झेंडा मिरवत नाहीये. पण इतिहास लिहायचा तर जे झालं ते लिहावं लागतं.

मग ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि 'गाणी भरून मिळतील'च्या पाट्या उतरल्या. दुकानं आहेत, पण आता तिथे रिचार्ज, स्क्रीनगार्ड आणि आधार-पॅनचे फॉर्म.

तुम्ही म्हणाल, ठीक आहे, गेलं ते गेलं. गाणी आता यूट्यूबवर आहेतच की! बरोबर. भरलेली गाणी सुरक्षित आहेत. मला काळजी भरलेल्या गाण्यांची नाहीच.

काळजी आहे त्याच कार्डावर आपण स्वतः केलेल्या रेकॉर्डिंगची.

त्या फोनांमध्ये व्हॉइस रेकॉर्डर होता. त्याची फाईल बऱ्याचदा एएमआर, बोलण्याच्या आवाजासाठी बनवलेला प्रकार, एक मिनिट शंभर केबीच्या आतच. आजीने म्हटलेली ओवी, सप्त्यातलं कीर्तन, गोंधळ, चौदा एप्रिलला गल्लीतल्या पोराने म्हटलेलं स्वतःचं गाणं, वारलेल्या आजोबांचं नुसतं "हॅलो, चालू हाय का हे?" हे यूट्यूबवर नाही. कुठल्याच सर्व्हरवर नाही. जगात त्याची एकच प्रत आहे, आणि ती घरातल्या कुठल्यातरी डब्यात, बंद पडलेल्या फोनच्या पोटात आहे.

अशा आवाजांची किंमत किती? उत्तर आमच्या नदीपलीकडेच आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगावच्या कार्यकर्त्यांना सोबत घेऊन जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त. त्यातल्या काहींचं रेकॉर्डिंगही झालं. १९९६ मध्ये ही मंडळी माजलगावच्या भीमनगरात पोचली आणि तिथल्या बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या रेकॉर्ड झाल्या. २०१७ पासून 'पारी'च्या वेबसाईटवर हा ठेवा येऊ लागला, आज तुमच्या फोनवर तो ऐकता येतो. कुणीतरी त्या दिवशी रेकॉर्डर घेऊन गेलं आणि पुढे ते जपलं, म्हणून तो आवाज आहे.

आपल्याकडे तर रेकॉर्डर प्रत्येकाच्या खिशात होता. राहिलं ते फक्त जपणं.

आणि इथे वेळ कमी आहे. कार्डात माहिती म्हणजे सूक्ष्म कप्प्यांत अडकवून ठेवलेले इलेक्ट्रॉन. ते हळूहळू निसटतात, आणि उष्णता जास्त तेवढे लवकर. आपला मराठवाड्याचा उन्हाळा, वर पत्रा, खाली डबा. विचार करा. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जानचं गाणं तव्यावर उतरलं, ते आजही ऐकता येतं. २००९ चं तुमचं कार्ड मात्र पुढच्या उन्हाळ्यात उघडेल याची खात्री मी देणार नाही.

तर हे काम. या दिवाळीत गावी जाल तेव्हा जुने फोन शोधा. कार्ड काढा, रीडरला लावा. 'फॉरमॅट करायचं का' असं विचारलं तर नाही म्हणा, आणि माहिती परत काढून देणाऱ्या जाणकाराकडे न्या. कार्ड उघडलं तर आधी सगळं जसंच्या तसं कॉपी करा, निवडत बसू नका. फोनच्या आतल्या मेमरीत काही असेल तर तेही. एएमआर फाईल व्हीएलसीमध्ये वाजते. मूळ फाईल तशीच ठेवा, दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलायची तर वेगळी प्रत काढा. दोन ठिकाणी ठेवा, त्यातलं एक घराबाहेर.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, लिहून ठेवा: आवाज कुणाचा, गाव कोणतं, साल साधारण कोणतं. 'आरईसी००१७' या नावावरून तुमच्या पोराला काही कळणार नाही. आई-काकूला शेजारी बसवा, त्या दोन मिनिटांत आवाज ओळखतील. कुठे टाकायचं असेल तर त्या माणसाला किंवा घरच्यांना आधी विचारा.

काय सापडलं ते मला नक्की कळवा. आणि हा भाग कुणाला पाठवायचाच असेल तर गावातल्या त्या मोबाईलवाल्या दादाला पाठवा. एखादा जुना हार्ड डिस्क त्याच्याकडे अजून पडलेला असू शकतो.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!