गंजलेल्या नांगराचे नाव

वडीगोद्री हे अंबड तालुक्यातील, सोलापूर-धुळे रस्त्यावरचे गाव. तेथील एका गोठ्यामागे पडलेला लोखंडी नांगर आम्ही प्रथम पाहिला, तेव्हा त्याचे नाव सांगण्यास आम्हांस क्षणही लागला नाही. फाळावर 'किर्लोस्कर' ही अक्षरे होती. आणखी काय पाहावयाचे? घरचे वृद्ध गृहस्थ मात्र हसले. "साहेब, ह्यो आमचा सहाबैली," एवढेच ते म्हणाले. पुढे घासलेटाचा बोळा घेऊन अंगावरचा गंज काढला, तो खाली 'कूपर' निघाले. फाळाची भोके मागाहून पाडलेली होती.

आमची चूक साधी, पण नेहमी होणारी आहे. फाळ झिजतो, तो बदलावा लागतो. लाकडी रुमणे मोडते, गावचा सुतार दुसरे बसवतो. मुठी, साखळ्या, बोल्ट यांचेही तेच. सहसा बदलत नाही तो मधला ओतीव सांगाडा, ज्याला फाळ आणि माती पलटणारा वाकडा पत्रा जोडतात. म्हणून ओळख पटवायची ती त्यावरून.

हे सुटे भाग आले कोठून? इंग्लंडात इप्सविच येथे रॉबर्ट रॅन्सम याने १८०३ साली असा ओतीव फाळ काढला की ज्याची खालची बाजू लवकर थंड केल्याने कठीण होई व वरची मऊ राही. वरची झिजे, धार मात्र कायम. सुटे, परस्परांत बदलता येणारे भाग ही कल्पनाही १८०८ मध्ये त्यानेच पुढे नेली. गंमत अशी की, एडविन बडिंगने १८३० साली लोकर गिरणीतील कापडाची लव कातरणाऱ्या यंत्रावरून हिरवळ कापण्याचे यंत्र रचले, आणि १८३२ पासून तेही रॅन्समच्याच कारखान्यात होऊ लागले. साहेबाच्या बंगल्यापुढे जी हरळी जपून कातरावयाची, तीच काळ्या रानातून मुळासकट उपटण्यासाठी आमचा शेतकरी नांगर जुंपतो!

इकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावास पहिला लोखंडी नांगर केला तो १९०३ साली. लोखंडाने जमीन विषारी होते असे लोक म्हणत, आणि पहिले सहा नांगर खपण्यास दोन वर्षे लागली, अशी हकीकत सांगतात. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. सातारा भागात धनजीशा कूपर यांचा कारखाना निघाला तो १९२२ मध्ये.

आता वडीगोद्रीकडे वळू. घरच्यांच्या समजुतीप्रमाणे हा नांगर पणजोबांनी प्लेगाच्या सालात आणलेला. प्लेगाची पहिली साथ १८९६ ची. तेव्हा तर बेळगावचा नांगरही जन्मला नव्हता, मग कूपरचा कोठून असणार? तो १९२२ नंतरचाच, आणि आला तो निजामाच्या मुलखात, कारण अंबड १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. हे सांगताना आम्हांस थोडे वाईट वाटले. घराण्याची एक गोष्ट आम्ही अर्धशतकाच्या निम्म्याने अलीकडे ओढली होती. पणजोबांच्या जागी बहुधा आजोबा आले.

पण मग 'सहाबैली' हे नाव खोटे म्हणावे काय? कारखान्याने नांगराला असे नाव दिलेले नसते. हलक्या रानात ज्याला दोन जोड्या पुरतील, त्यालाच भारी काळ्या, वाळलेल्या जमिनीत तीन लागतील. म्हणजे हे नाव वस्तूचे नव्हे, त्या रानाचे. एरवी तेथे वखरावर भागत असे. हरळी-कुंदा माजला की नांगर निघे, आणि शेजाऱ्याचे बैल मागून जुंपावे लागत. ओतीव अक्षरांत यातले काही नाही. आम्ही एवढी वर्षे कारखान्याच्याच नावाने टिपणे करीत आलो, ही आमची दुसरी चूक.

निघताना कळले की, त्या आठवड्यात भंगारवाला येऊन वजन करून गेला होता. भाव तेवढा पटला नाही म्हणून नांगर राहिला. आम्ही वहीत दोन्ही नावे लिहून घेतली. म्हाताऱ्यांनी तिसरी जोडी कोणत्या घरची असे, तेही लिहावयास लावले.