थिबा राजाचे राखणदार

लहानपणी आम्हां रत्नागिरीच्या मुलांना 'राखणदार' म्हटले की गावच्या वेशीवरचा देवचार आठवे. माझी आजी मात्र हा शब्द आणखी एका अर्थाने वापरीत असे. थिबा राजाच्या पहाऱ्यावरचे पोलीस, तेही तिच्या लेखी राखणदारच. ते राजाला राखीत होते की राजापासून सरकारला, हे तिला विचारावे असे मला कधी सुचले नाही.

मूळ कथा पुष्कळांना ठाऊक असेल. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतले, ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाला राणी सुपयालतसह बोटीवर चढवले, काही महिने मद्रासेस ठेवले आणि १८८६ च्या एप्रिलात आमच्या किनाऱ्यावर आणून उतरवले. त्याआधी १८५८ साली बहादूरशहा जफरला दिल्लीहून रंगूनला धाडले होते. इथला बादशहा तिकडे, तिकडचा राजा इकडे. साम्राज्याचा हिशेब मोठा चोख! रत्नागिरीच का निवडली? रेल्वे नाही (ती यायला पुढे शंभराहून अधिक वर्षे जायची होती) आणि पावसाळ्यात आगबोटी बंद. आमची गैरसोय सरकारच्या सोयीची ठरली.

आता या बंदिवासाची व्यवस्था पाहा. हुकूम सुटे कलकत्त्याहून, हिंदुस्थान सरकारच्या परराष्ट्र खात्यातून. तो मुंबई सरकारमार्फत खाली उतरे. आणि पाळावा लागे तो रत्नागिरीत, राजावर खास नेमलेल्या पोलीस अधिकाऱ्याला. राजाकडे कोण येते, पत्रे कोणाची, खर्च किती, राजा बाहेर निघाला तर सोबत कोण, हे सारे त्याने पाहायचे आणि वर कळवायचे. राजकारण दूरच्या टेबलावर ठरत होते. रोजचा राजा मात्र याच्या समोर होता. परक्याला कोठे ठेवायचे हे राजधानीने ठरवावे आणि दाराशी जिल्ह्याच्या शिपायाने उभे राहावे, ही रीत काही इंग्रजांबरोबर गेली नाही. परदेशी माणसाविषयीचा १९४६ चा कायदा जाऊन २०२५ साली नवा आला, तोही दिल्लीचाच. पण नोंदवही बहुतेक जिल्ह्यांत पोलीस अधीक्षकाच्या कचेरीतच असते.

कागदावर न मावणारे पुष्कळ काही मग दाराशी घडते. राजाच्या चार मुली वाढत होत्या. त्यांना साजेसे वर कोठून आणावेत, यावर सरकारी पत्रव्यवहार वर्षानुवर्षे चालला. तो चालू असतानाच थोरल्या राजकन्येचा जीव बंगल्याच्या दारवानावर जडला. तो मराठी, शिवाय घरी लग्नाची बायको असलेला. १९०६ साली त्यांना मुलगी झाली, तिचे नाव टूटू. बाहेरच्यांना आत येऊ न देण्यासाठी ठेवलेला माणूस असा आतला झाला. आजी हा भाग सांगताना आवाज खाली आणी, आणि दारवानाच्या बायकोचे काय झाले असेल, असे म्हणून गप्प होई. इतिहास लिहिणाऱ्यांनी त्या बाईकडे फारसे पाहिलेले नाही.

१९१० साली टेकडीवरचा राजवाडा बांधून झाला. चोवीस वर्षे बंगल्यांत काढलेल्या राजाला तो सहाच वर्षे लाभला. १९१६ च्या डिसेंबरात तो वारला. देह मायदेशी न्यावा असा राणीचा आग्रह होता, पण सरकारने मृत राजालाही परवानगी दिली नाही. कुटुंब १९१९ साली ब्रह्मदेशी परतले. राजा येथेच, धाकट्या राणीशेजारी, समाधीत राहिला. थोरली राजकन्या मात्र पुन्हा रत्नागिरीस आली आणि १९४७ साली येथेच गेली. टूटू २००० सालापर्यंत आमच्यातली एक होऊन जगली, मराठी बोलत, हलाखीत.

२०१२ च्या डिसेंबरात ब्रह्मदेशाचे अध्यक्ष थेन सेन त्या समाधीवर येऊन गेले. बंदोबस्ताला आमच्या जिल्ह्याचेच पोलीस असणार.