यंत्र कुणाची मराठी ऐकतं?

मोबाइलच्या कीबोर्डवर माइकचं चिन्ह आलं आणि मराठी टाईप करण्याची कटकट संपली, असं अनेकांना वाटलं. बारामती-इंदापूर भागात पाटपाण्याच्या पाळीचा निरोप, ऊसतोडीचा हिशोब, ग्रामपंचायतीला द्यायचा अर्ज आता बोलून लिहिता येतो. पण याच भागातल्या एखाद्या मुलाणीने आपलं आडनाव उच्चारलं, तर पडद्यावर ‘मुलांनी’ उमटू शकतं. ‘आतार’चं ‘आता’ होऊ शकतं, ‘काझी’चं ‘काळजी’. व्हॉट्सॲपवर ही गंमत म्हणून खपून जाते. मात्र हाच मजकूर शाळेच्या दाखल्यात किंवा वारसनोंदीत गेला, तर एका अक्षरापायी प्रतिज्ञापत्र करत फिरावं लागतं. म्हणून या यंत्राला ऐकायला कुणी आणि कसं शिकवलं, हे समजून घ्यायला हवं.

सांगणारा आणि लिहिणारा

एकाने सांगायचं आणि दुसऱ्याने लिहायचं, ही रीत आपल्याकडे जुनी आहे. ज्ञानेश्वरांचं निरूपण सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतलं, असं परंपरा मानते. पुढे दफ्तरांतले कारकून मोडीत भराभर मजकूर उतरवत. आजही जबाबाच्या शेवटी तो वाचून दाखवल्याचं आणि सांगितल्याप्रमाणे बरोबर असल्याचं लिहिलेलं असतं.

उर्दूत डिक्टेशनला ‘इमला’ म्हणतात. मध्ययुगीन मुस्लिम जगात हदीसच्या इमल्याच्या मजलिसी भरत. गर्दी मोठी असली की उस्तादांचे शब्द मागच्या रांगांपर्यंत पोचवायला ‘मुस्तमली’ नेमलेला असे. लिहून झालेली प्रत मूळ मजकुराशी ताडून पाहत, त्याला ‘मुकाबला’ म्हणत. कारकुनाचं दफ्तर असो की उस्तादांची मजलिस, ऐकणाऱ्याच्या कानावर आंधळा विश्वास कुणी ठेवला नव्हता.

यंत्राचा कान

१९५२ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जने ‘ऑड्री’ हे यंत्र बनवलं. त्याला फक्त आकडे कळत, तेही ओळखीच्या आवाजातले. १९७० च्या दशकात आयबीएममध्ये फ्रेडरिक येलिनेक यांच्या गटाने वेगळी वाट धरली. नुसत्या ध्वनीवर विसंबण्याऐवजी कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, याचं गणित त्यांनी मांडलं. १९८० च्या दशकातलं त्यांचं ‘टँगोरा’ वीस हजार शब्द ओळखत असे, पण बोलताना प्रत्येक शब्दानंतर थांबावं लागे. १९९७ मध्ये ‘ड्रॅगन नॅचरलीस्पीकिंग’ आलं आणि सलग बोलण्याची मुभा मिळाली. तरी आधी ठरावीक उतारा वाचून आपला आवाज त्याला शिकवावा लागे. मराठीची पाळी उशिरा आली. ऑगस्ट २०१७ मध्ये गुगलने बोलून टाईप करण्याच्या सोयीत मराठी, उर्दू, बंगाली, तमिळ अशा भाषांची भर घातली.

‘मुलाणी’चं कोडं येलिनेक यांच्या गणितातच सुटतं. शिकवणीच्या मजकुरात ‘मुलांनी’ हजारो वेळा आलेलं असतं, ‘मुलाणी’ क्वचित. ध्वनी जवळचे असले की यंत्र जास्त वेळा पाहिलेल्या शब्दाकडे झुकतं. त्याला आकस नसतो, पण ज्यांची नावं मजकुरात कमी त्यांच्या वाट्याला चुका जास्त येतात.

शेतकऱ्यांचे आवाज

यावर उपाय काय, हे महाराष्ट्रातच दिसलं होतं. २०१० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत केंद्र सरकारच्या मदतीने सहा भारतीय भाषांत एक प्रकल्प झाला. शेतकऱ्याने फोन करून पिकाचं आणि बाजाराचं नाव सांगायचं, यंत्राने भाव सांगायचा. मराठीच्या कामात मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि आयआयटी होती. त्यासाठी राज्याच्या वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांचे आवाज फोनवर नोंदवले गेले. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणारा माणूस यंत्राला समजायला हवा असेल, तर त्याचाच आवाज आधी ऐकवायला हवा, हे त्यामागचं साधं तत्त्व. आज बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टमधल्या उसाच्या ‘एआय’ प्रयोगाचं नाव जगभर पोचलं आहे. त्या शेतात ‘खोडवा’ आणि ‘निडवा’ हे रोजचे शब्द आहेत. ते यंत्राला कुणी ऐकवले, हा प्रश्न तिथेही लागू होतो.

आपली बोली कोणत्या खान्यात?

इथल्या मुस्लिम घरांत दखनी आणि मराठी एकाच वाक्यात नांदतात. ‘अम्मी, डेअरीका बिल जमा हुआ क्या बघ’ हे वाक्य ना शुद्ध हिंदी, ना शुद्ध मराठी. ग्रियर्सन यांच्या भाषा सर्वेक्षणात मराठीला १९०५ चा सातवा खंड मिळाला आणि दखनी गेली नवव्या खंडात, पश्चिमी हिंदीसोबत. कागदावर खाने वेगळे झाले, चुलीपाशी ते कधीच वेगळे नव्हते. आजचं यंत्रही आधी विचारतं: मराठी की हिंदी?

विशेष म्हणजे अडचण अरबी-फारसी शब्दांची नाही. ‘अर्ज’, ‘तारीख’, ‘वसूल’, ‘फिर्याद’ यंत्राला नीट कळतात, कारण ते मराठी मजकुरात शतकानुशतकं मुरले आहेत. जे लिहिलं गेलं ते टिकलं. जे फक्त बोललं गेलं ते यंत्राला परकं राहिलं.

अचूकता मोजताना शंभर शब्दांमागे किती चुकले, गळले किंवा उगाच घुसले, ते पाहतात. शंभरात दहा म्हणजे दहा टक्के चूक. पण ही सरासरी असते. पुण्यातल्या निवेदकाचे तीन चुकत असतील आणि इंदापूरच्या बागवानाचे सतरा, तरी आकडा दहाच दिसेल.

करायचं काय?

सुटा शब्द न बोलता पूर्ण वाक्य बोलावं, म्हणजे यंत्राला संदर्भ मिळतो. आपली, घरच्यांची, गावाची नावं फोनच्या शब्दकोशात आणि संपर्कयादीत नीट मराठीत भरावीत. नावं, आकडे आणि तारखा पाठवण्यापूर्वी वाचून पाहाव्यात. हा आपला जुना मुकाबलाच.

हे झालं स्वतःपुरतं. २०२२ मध्ये सुरू झालेल्या सरकारी ‘भाषिणी’च्या ‘भाषादान’ उपक्रमात आणि मोझिलाच्या ‘कॉमन व्हॉइस’वर कुणालाही मराठीत वाक्यं वाचून आवाज देता येतो. दहावी-बारावीची मुलंमुली हे काम सहज करू शकतात. आजी-आजोबांना सोबत बसवलं, तर आणखी उत्तम. ग्रियर्सनच्या काळात आपली बोली कुठे मांडायची, हे दुसऱ्यांनी ठरवलं. या वेळी नोंदवहीत आपला आवाज आपणच भरू शकतो, आणि तो आजच भरायला हवा.