किल्लीचे राखणदार

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. १९३९ साली येथे विंध्यशक्तीचा ताम्रपट सापडला आणि या शाखेचा विस्मृतीत गेलेला इतिहास उजेडात आला. वात्स्यायनाला मात्र हे नगर चांगलेच ठाऊक होते. वत्सगुल्माच्या अंतःपुरातील चालीरीतींचा उल्लेख ‘कामसूत्रा’त आहे. त्याच ग्रंथातील चौसष्ट कलांच्या यादीत ‘म्लेच्छितविकल्प’ नावाची एक कला येते. इतरांना उमगू नये असे बोलणे-लिहिणे, ती ही कला.

तेराव्या शतकातील टीकाकार यशोधर याने तिच्या रीती सांगितल्या आहेत. मूलदेवाच्या नावाने चालणाऱ्या रीतीत अक्षरांच्या जोड्या ठरलेल्या असतात. ‘ख’च्या जागी ‘ग’, ‘ग’च्या जागी ‘ख’. ‘त’च्या जागी ‘प’, ‘प’च्या जागी ‘त’. या हिशेबाने सावकाराची ‘पत’ कागदावर उतरली की तिचे ‘तप’ होते! पण जोड्यांची यादी एकदा हाती आली की सारा मजकूर उघडा पडतो. येथे रीत हीच किल्ली.

आपल्या वऱ्हाडात या कलेला फार मोठे कार्य लाभले. ऋद्धिपूरला म्हाइंभटांनी सिद्ध केलेले ‘लीळाचरित्र’ आणि महानुभावांचे इतर ग्रंथ पुढे सांकेतिक लिप्यांत लिहिले जाऊ लागले. सकळ, सुंदरी, अंक, वज्र अशी त्या लिप्यांची नावे. त्यांतील सकळ लिपी रवळोबासांची. ब्रह्मविद्या अनधिकाऱ्याच्या हाती पडू नये, ही त्यामागील भावना. मठामठांतून पिढ्यान्‌पिढ्या नकला करणाऱ्यांनी हे धन जिवापाड जपले. परंतु त्यामुळे मराठीचे आद्य गद्य कित्येक शतके मराठी वाचकालाच परके राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे आणि भावे यांच्या खटपटीने सकळ लिपीचा उलगडा झाला. पुढे नागपूरच्या ह. ना. नेने यांनी ‘लीळाचरित्र’ छापले. कुलूप निघाले तेव्हा कोणाचेच नुकसान झाले नाही. पण तेच कुलूप तिजोरीचे असते तर?

या प्रश्नाचे उत्तर १८८३ साली केरकॉफ्स या पॅरिसमधील अध्यापकाने देऊन ठेवले होते. लष्करी संकेतलेखनाविषयी लिहिताना त्याने बजावले की, रीत शत्रूच्या हाती पडली तरी बाध येता कामा नये. गुप्त राहावी ती केवळ किल्ली. आजचे सारे संकेतशास्त्र या एका वचनावर उभे आहे. रीत चव्हाट्यावर मांडायची, शंभर जाणत्यांनी ती ठोकून पाहायची, आणि तरीही जी टिकेल तीच वापरायची.

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा होऊन वाशीम जिल्हा झाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात, या जिल्ह्याशी काडीचाही संबंध नसलेल्या काही मंडळींनी ‘ओपनएसएसएल’ नावाचे काम हाती घेतले. एरिक यंग आणि टिम हडसन यांनी आधी रचलेल्या आज्ञावल्यांवर ते उभे होते. संगणकाच्या व्यवहारात अशा तयार आज्ञावल्यांच्या संग्रहाला लायब्ररी म्हणतात. संकेतलेखनाची ही लायब्ररी कोणीही वाचावी, वापरावी, सुधारावी, आणि तीही फुकट. महानुभावांच्या पोथीच्या नेमका उलटा हा बाणा! पाहता पाहता जगातील असंख्य बँका, दुकाने आणि सरकारी कचेऱ्या तिच्या आधारे आपले निरोप झाकू लागल्या.

मग ७ एप्रिल २०१४ उजाडला. त्या दिवशी जाहीर झालेल्या दोषाला ‘हार्टब्लीड’ हे नाव पडले. दोष साधाच होता. कारकुनाच्या हाती एका शब्दाची चिठ्ठी द्यावी आणि म्हणावे, “यातली चौसष्ट हजार अक्षरे मला वाचून दाखवा.” कारकुनाने चिठ्ठी न मोजता वाचायला लागावे आणि ती संपल्यावर टेबलावरचे दुसऱ्यांचे कागदही वाचत सुटावे. त्या कागदांत परक्यांचे परवलीचे शब्द होते, प्रसंगी खुद्द किल्ल्याही होत्या. कॅनडाच्या करखात्यातून सुमारे ९०० नागरिकांचे क्रमांक याच वाटेने चोरीस गेले. आणि ही चूक दोन वर्षांहून अधिक काळ सर्वांच्या डोळ्यांदेखत पडून होती! मजकूर उघडा होता, वाचायला कोणाला बंदी नव्हती. वाचले मात्र कोणी नाही.

चौकशीअंती जे कळले ते अधिक लाजिरवाणे होते. जगाच्या तिजोऱ्यांची ही कुलपे सांभाळणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी. पूर्ण वेळ देणारा त्यांत एकच. वर्षाकाठी जमणारी देणगी सुमारे २,००० डॉलर. बड्या बड्या कंपन्या हे कुलूप दाराला लावून निश्चिंत झोपल्या होत्या. पहारेकऱ्याच्या भाकरीची चौकशी कोणी केली नव्हती. बोभाटा झाल्यावर त्याच वर्षी लिनक्स फाउंडेशनच्या पुढाकाराने कंपन्यांनी निधी उभारला, आणि या लायब्ररीला पगारी माणसे मिळाली. काहींनी तिची नक्कल घेऊन स्वतंत्र डागडुजी चालवली. काम थांबले नाही, हे त्या मूठभरांचे श्रेय.

आपल्याकडे सामायिक विहिरीचे हेच होते. पाणी सारे गाव भरते आणि गाळ उपसायची वेळ आली की जो तो शेजाऱ्याकडे पाहतो. मठातील पोथीला निदान राखणदार होते. गुपित त्यांच्या श्रद्धेवर जगले. उघड्या विद्येला तशी श्रद्धा आपोआप लाभत नाही. ती सर्वांची असते, आणि म्हणूनच कोणाचीच नसते.

आज वाशीमच्या बाजारात सोयाबीन विकणारा शेतकरी खिशातल्या फोनवर बँकेतली शिल्लक पाहतो. तो आकडा बँकेपासून त्याच्यापर्यंत येतो तो म्लेच्छितविकल्पाच्याच दूरच्या वंशजाचे पांघरूण घेऊन. ते विणणाऱ्यांची नावे त्याला ठाऊक नाहीत, आणि ठाऊक असण्याची गरजही नाही. पण ज्यांना ही विद्या येते, अशी मुले आता आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांतील महाविद्यालयांतून बाहेर पडत आहेत. जुन्या पोथीच्या शेवटी नकलाकार हात जोडून विनवी की, चूक आढळल्यास वाचणाऱ्याने ती शुद्ध करून घ्यावी. उघड्या आज्ञावलीची विनंती याहून निराळी नाही. त्यांच्यापैकी एखाद्याने ती मनावर घेतली, तर वत्सगुल्माची ही जुनी कला घरी परत आली असे म्हणता येईल.