शय्याव्रण : दोष रोगाचा की शुश्रूषेचा?

अंथरुणास खिळलेल्या रोग्याच्या त्रिकास्थीवर वा टाचांवर पडणारा शय्याव्रण कशामुळे होतो, हा प्रश्न केवळ वैद्यकशास्त्राचा नाही. रोग्याची काळजी वाहावयाची की त्याची आशा सोडावयाची, हे त्याच्या उत्तरावरच ठरत आले आहे.

पॅरिसच्या साल्पेट्रिएर रुग्णालयातील शार्को यांनी १८७० नंतरच्या दशकात असे प्रतिपादिले की, मेंदूस वा मेरुरज्जूस इजा झाली म्हणजे त्वचेचे पोषण बिघडते व त्यातून व्रण उद्भवतो. त्यांचे निरीक्षण उथळ नव्हते. पक्षाघातानंतर अवघ्या काही दिवसांत, आणि तोही लुळ्या बाजूच्याच नितंबावर, व्रण पडलेला त्यांनी पाहिला होता. लुळ्या अंगास दाब जाणवत नाही व ते आपण होऊन हलतही नाही, या साध्या गोष्टीस मात्र त्यांनी द्यावे तितके महत्त्व दिले नाही. व्रण हा रोगाचाच परिणाम ठरला की परिचारिकेच्या हाती काय उरते?

याचे उत्तर वास्तविक आधीच मिळाले होते. ब्राउन-सेकार यांनी १८५० नंतरच्या दशकाच्या आरंभीच गिनीपिगांचा मेरुरज्जू छेदून दाखविले होते की, दाब टाळला व मलमूत्र वेळच्या वेळी धुतले तर व्रण होत नाहीत. हे गृहस्थ शार्को यांना अपरिचित होते असेही नाही. १८६८ मध्ये दोघांनी मिळून एक शास्त्रीय नियतकालिक काढले होते!

पहिल्या महायुद्धात मेरुरज्जूस इजा झालेले बहुतेक सैनिक दगावले. शय्याव्रण व मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग ही त्याची प्रमुख कारणे. जर्मनीतून १९३९ मध्ये इंग्लंडात आश्रयास आलेले ज्यू वैद्य लुडविग गुटमान यांनी १ फेब्रुवारी १९४४ रोजी स्टोक मँडेव्हिल येथे अशा रोग्यांचा कक्ष सुरू केला. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, प्रत्येकाची कूस पालटावयाची हा तेथील दंडक होता. उपाय नवा नव्हता. नवा होता तो आग्रह. रात्री-अपरात्री ते स्वतः कक्षात येऊन पाहणी करीत.

पुढे १९६२ मध्ये डोरीन नॉर्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्ध रोग्यांच्या अभ्यासातून धोका मोजण्याचे कोष्टक दिले : शारीरिक स्थिती, मनाची स्थिती, हिंडणेफिरणे, अवयवांची हालचाल व मलमूत्रावरील ताबा यांस प्रत्येकी १ ते ४ गुण, बेरीज १४ वा त्याहून कमी भरल्यास रोगी धोक्यात. आता व्रण पडण्याची वाट पाहण्याचे कारण उरले नाही.

कोष्टक भरावयास काही मिनिटे पुरतात. तीस रोग्यांच्या कक्षात दर दोन तासांनी कूस पालटणे म्हणजे मात्र अहोरात्रात ३६० वेळा, आणि रोगी जड असला तर दर वेळी माणसे दोन.